हिरड्यांची पुनर्निर्मिती आणि रुग्णाचे वय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दंतवैद्याने हिरड्यांच्या पुनर्निर्मितीचा उपचार सुचवला की वयाचा प्रश्न हमखास निघतो. पस्तिशीतील रुग्णाला इतक्या लवकर ही वेळ का आली हे समजून घ्यायचे असते, तर सत्तरीतील रुग्णाला आता एवढा खटाटोप करून काही हाती लागेल का, ही शंका असते. खालील उत्तरे या दोघांनाही समोर ठेवून लिहिली आहेत. ती सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. प्रत्यक्ष निर्णय तोंडाची तपासणी आणि एक्स-रे पाहूनच घ्यावा लागतो.

हिरड्यांची पुनर्निर्मिती म्हणजे नेमके काय?

या एकाच नावाखाली दोन वेगळे उपचार येतात आणि त्यांची गल्लत झाली की वयाबद्दलची चर्चाही भरकटते. पहिल्या प्रकारात पायोरियामुळे दाताच्या मुळाभोवतीचे नष्ट झालेले हाड, दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू आणि मुळावरचा सिमेंटमचा पातळ थर हे तिन्ही पुन्हा तयार व्हावेत असा प्रयत्न असतो. दुसऱ्या प्रकारात हिरडी खाली उतरून उघडे पडलेले मूळ पुन्हा झाकले जाते. त्यासाठी बहुधा टाळूतून घेतलेला ऊतीचा तुकडा वापरतात.

पहिला प्रकार अवघड असण्याचे कारण जखम भरण्याच्या क्रमात आहे. हिरडी उघडून मूळ स्वच्छ केले आणि नुसते टाके घातले, तर हिरडीची वरची त्वचा दिवसाला साधारण अर्धा मिलिमीटर या वेगाने मुळाच्या कडेने खाली उतरते आणि तंतू व हाड तयार करणाऱ्या पेशी तिथे पोहोचण्याआधीच जागा व्यापून टाकते. जखम भरते, पण हरवलेली रचना परत येत नाही. मुळावर कोणत्या पेशी आधी पोहोचतात यावर भरण्याचा प्रकार ठरतो, हा विचार मेल्चर यांनी १९७६ मध्ये मांडला. त्यावर आधारित, पातळ पडदा लावून हिरडीच्या पेशींना अडवण्याचा मानवी रुग्णावरील पहिला अहवाल १९८२ मध्ये स्वीडनमधील नायमन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. आज पडद्याबरोबर किंवा पडद्याऐवजी बोन ग्राफ्ट (खड्डा भरण्यासाठीचे हाडाचे कण), दाताच्या एनॅमलच्या म्हणजे बाहेरच्या कठीण आवरणाच्या जडणघडणीतील प्रथिनांचे जेल, वाढीला चालना देणारे घटक आणि रुग्णाच्याच रक्तापासून बनवलेले फायब्रिन (रक्ताची गुठळी बांधणारे प्रथिन) वापरले जाते. यांपैकी एनॅमल प्रथिने डुकराच्या विकसनशील दातांपासून, तर काही ग्राफ्ट गाई-बैलांच्या हाडांपासून मिळवलेले असतात. ज्यांना याबाबत धार्मिक किंवा वैयक्तिक आक्षेप असेल त्यांनी शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत न थांबता आधीच विचारून घ्यावे, कारण बहुतेक वेळा पर्याय उपलब्ध असतो.

वय वाढले की या उपचाराचे यश कमी होते का?

केवळ वयाच्या आकड्यामुळे फारसे होत नाही. हिरड्यांच्या शस्त्रक्रियेनंतर जखम कशी भरते याची वेगवेगळ्या वयोगटांत तुलना करणारा एक महत्त्वाचा अभ्यास लिंडे आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. तोंडाची स्वच्छता काटेकोर राखलेली असताना वयानुसार परिणामांत मोठा फरक पडत नाही, असे त्यातून दिसले. दैनंदिन उपचारांतला अनुभवही याला धरूनच आहे. पासष्टीचा, धूम्रपान न करणारा आणि नियमित तपासणीला येणारा रुग्ण हा चाळिशीच्या, दिवसाला पाकीटभर सिगारेट ओढणाऱ्या रुग्णापेक्षा या उपचारासाठी कितीतरी अधिक योग्य असतो.

तरीही वय पूर्णपणे बाजूला ठेवता येत नाही. वाढत्या वयाबरोबर मधुमेह, औषधांची लांबत जाणारी यादी, कोरडे तोंड, बोटांची कमी झालेली चपळाई अशा गोष्टी येतात आणि त्या एकत्र आल्या की परिणामांवर नक्कीच पडसाद उमटतात. अपयश आले की त्याचे खापर वयावर फोडले जाते, परंतु खोलात गेल्यास त्यामागे बहुधा यांपैकीच एखादे आणि अनेकदा सुधारता येण्याजोगे कारण सापडते.

मग वयानुसार शरीरात खरोखर काय बदलते?

दाताभोवतीच्या तंतूंमध्ये मूळपेशी असतात आणि नवे हाड, तंतू व सिमेंटम तयार करण्याचे काम त्यांच्यावर अवलंबून असते. प्रयोगशाळेत तपासले असता, वयस्क व्यक्तींकडून घेतलेल्या अशा पेशी तरुणांच्या पेशींपेक्षा सावकाश वाढतात, कमी अंतर सरकतात आणि हाड तयार करण्याची त्यांची क्षमताही घटलेली दिसते. विभाजन थांबलेल्या वृद्ध पेशी ऊतीत साठत जातात आणि दाह वाढवणारी द्रव्ये स्रवतात. कोलॅजनची निर्मिती मंदावते, सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे विरळ होते आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा प्रतिसाद पूर्वीइतका अचूक राहत नाही. दात घासणे काही दिवस थांबवले तर वयस्कांच्या हिरड्या तरुणांपेक्षा लवकर आणि जास्त सुजतात, हेही प्रयोगांतून दिसले आहे.

हे सारे वाचून निराश होण्याचे कारण नाही. प्रयोगशाळेतील पेशींचा वेग आणि तोंडातील जखमेचा अंतिम परिणाम यांत बरेच अंतर असते. दाताभोवतीचा दोष काही मिलिमीटरचाच असतो आणि तेवढ्या जागेसाठी उतारवयातील पेशीही सहसा पुरेशा ठरतात. त्यांना वेळ थोडा अधिक लागतो आणि जंतुसंसर्ग मात्र तरुणांच्या पेशींपेक्षा कमी सोसवतो.

वयापेक्षा कोणत्या गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत?

सर्वांत आधी दोषाचा आकार. हाड झिजून तयार झालेला खड्डा जितका खोल आणि अरुंद, तितकी पुनर्निर्मितीची शक्यता चांगली. खड्ड्याभोवती हाडाच्या तीन भिंती शिल्लक असतील तर रक्ताची गुठळी जागेवर टिकते आणि तिन्ही बाजूंनी पेशी येऊ शकतात. एकच भिंत उरली असेल तर गुठळीला आधारच नसतो. एक्स-रेवर मूळ आणि हाडाची उतरती कड यांतील कोन २५ अंशांच्या आत असेल तर परिणाम अधिक चांगला मिळतो आणि तो ३७ अंशांच्या पुढे गेला की कमी मिळतो. सहसा हाडातील खड्डा ३ मिलिमीटर किंवा अधिक खोल असेल तरच हा उपचार सुचवला जातो. याउलट, हाड सर्वत्र सारख्या प्रमाणात, आडव्या रेषेत खाली गेले असेल तर ते पुन्हा वर चढवण्याची खात्रीची पद्धत आज नाही, मग रुग्ण पंचविशीचा असो की पंच्याहत्तरीचा.

दुसरी गोष्ट तंबाखू. धूम्रपानामुळे हिरडीचा रक्तपुरवठा आणि पेशींचे काम दोन्ही बिघडते आणि पुनर्निर्मितीतून मिळणारा लाभ स्पष्टपणे घटतो. शस्त्रक्रियेपुरते चार दिवस सिगारेट सोडून फारसे काही साधत नाही.

तिसरी गोष्ट रोजची स्वच्छता. दातांच्या एकूण पृष्ठभागांपैकी २० टक्क्यांहून कमी ठिकाणी कीटण आणि तितक्याच कमी ठिकाणी रक्तस्राव असावा, असा दंडक अनेक हिरडीतज्ज्ञ शस्त्रक्रियेपूर्वी पाळतात. म्हणूनच आधी स्केलिंग आणि मुळांची सफाई करतात, काही आठवडे ते महिने वाट पाहतात आणि मगच शस्त्रक्रियेचा निर्णय घेतात. अनेक रुग्णांना ही टाळाटाळ वाटते. प्रत्यक्षात या काळात हिरडी आणि दात यांमधील काही खोल फटी शस्त्रक्रियेविनाच आटोक्यात येतात.

याशिवाय दात किती हलतो, त्याच्या आतील नस जिवंत आहे का आणि शस्त्रक्रियेनंतर हिरडीच्या कडा पूर्ण मिटून राहतात का, हेही मोजले जाते. कडा उघडून पडदा किंवा ग्राफ्ट दिसू लागणे ही यातील नेहमीची अडचण असून ती कोणत्याही वयात येऊ शकते.

तरुण वयात हाड झिजले असेल तर ते बरे की वाईट?

निदानाच्या दृष्टीने ते अधिक गंभीर मानले जाते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पायोरियाची तीव्रता टप्प्यांनी आणि त्याचा वेग अ, ब, क अशा श्रेणींनी दाखवला जातो. वेगाचा अंदाज घेण्यासाठी सर्वाधिक झिजलेल्या दाताचे हाड मुळाच्या लांबीच्या किती टक्के गेले आहे ते पाहतात आणि त्या आकड्याला रुग्णाच्या वयाने भागतात. उत्तर ०.२५ पेक्षा कमी आल्यास रोग संथ, ०.२५ ते १ या दरम्यान आल्यास मध्यम आणि १ च्या वर गेल्यास वेगवान समजतात.

एकाच प्रकारचे दोन एक्स-रे घेऊ. दोन्हींत दाढेभोवतीचे ४० टक्के हाड गेले आहे. रुग्ण ७२ वर्षांचा असेल तर भागाकार साधारण ०.५६ येतो आणि रोग मध्यम वेगाचा ठरतो. रुग्ण ३२ वर्षांचा असेल तर तोच भागाकार १.२५ होतो आणि रोग वेगवान श्रेणीत जातो. चित्र तेच असूनही तरुण रुग्णाच्या शरीरात रोगाला बळ देणारे काहीतरी अधिक प्रभावी आहे, असा याचा अर्थ होतो. दिवसाला १० किंवा अधिक सिगारेट ओढणाऱ्या, अथवा मधुमेह असून एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ७ टक्के किंवा त्याहून अधिक असलेल्या रुग्णालाही याच वेगवान श्रेणीत धरले जाते.

उपचाराच्या दृष्टीने मात्र तरुणांची बाजू बरीचशी सावरलेली असते. कमी वयातील वेगवान पायोरिया अनेकदा पहिल्या दाढा आणि पुढचे दात यांनाच धरतो आणि तिथे खोल, अरुंद खड्डे तयार करतो. हे खड्डे पुनर्निर्मितीला अनुकूल असतात. जंतुसंसर्ग आटोक्यात आणून मग शस्त्रक्रिया केल्यास अशा रुग्णांत हाड उल्लेखनीय प्रमाणात भरून येते. धोका नंतरचा आहे: रोगाची प्रवृत्ती आयुष्यभर सोबत राहते आणि पुढची अनेक दशके तो दात टिकवायचा असतो. त्यामुळे तरुण रुग्णाने दर तीन महिन्यांची तपासणी टाळणे हे वृद्ध रुग्णाने टाळण्यापेक्षा अधिक महागात पडते, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा रुग्णाच्या सख्ख्या भावंडांच्या हिरड्याही एकदा तपासून घ्याव्यात.

किशोरवयीन मुलांवर हा उपचार करतात का?

क्वचित. खालच्या पुढच्या दातांची हिरडी उतरलेली दिसली तरी वाढीच्या वयात दात आपल्या जागी स्थिरावताना आणि स्वच्छता सुधारल्यावर ती काही वेळा आपोआप वर येते, म्हणून आधी निरीक्षण करतात. दातांना तारा लावल्या असतील किंवा लावायच्या असतील तर ऑर्थोडॉन्टिस्ट आणि हिरडीतज्ज्ञ यांनी एकत्र बसून क्रम ठरवावा.

हिरडी उतरून मूळ उघडे पडले आहे. त्यावरील उपचाराला वयाची मर्यादा आहे का?

नाही. इथे यश प्रामुख्याने दोन दातांमधील हाड आणि हिरडी शाबूत आहे का यावर ठरते. ती शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकले जाण्याची अपेक्षा ठेवता येते; दोन दातांमधील आधारच खाली गेला असेल तर ते अंशतःच झाकले जाते किंवा मुळीच झाकता येत नाही. उतारवयात दुसरी परिस्थिती अधिक आढळते, म्हणून परिणाम कमी वाटतात.

एका बाबतीत तर वयाचे पारडे ज्येष्ठांच्या बाजूने झुकते. टाळूची त्वचा तरुणांमध्ये तुलनेने पातळ असते आणि वयाबरोबर जाड होत जाते, त्यामुळे प्रौढ रुग्णाकडून पुरेशा जाडीचा तुकडा मिळणे सोपे जाते. मात्र मुळावर कीड लागलेली असेल किंवा जोरात घासून खाच पडली असेल तर आधी तिची व्यवस्था करावी लागते, आणि घासण्याची पद्धत न बदलल्यास झाकलेली हिरडी पुन्हा उतरते.

मला मधुमेह, रक्तदाब किंवा हाडांच्या ठिसूळपणाची औषधे सुरू आहेत. उपचार होऊ शकतो का?

बहुतेकदा होऊ शकतो, पण वयस्क रुग्णांच्या बाबतीत सर्वांत जास्त काळजी याच प्रश्नावर घ्यावी लागते.

मधुमेह नियंत्रणात असेल तर जखम भरण्यात मोठी अडचण येत नाही. नियंत्रणात नसेल तर तातडी नसलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलणे शहाणपणाचे असते. दरम्यान हिरड्यांची सूज कमी केल्याने साखर आटोक्यात येण्यासही काहीशी मदत होते.

रक्त पातळ ठेवणारी गोळी रुग्णाने स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. हिरडीतून थोडे अधिक रक्त आल्यास ते टाके आणि दाब देऊन थांबवता येते, तर हृदयात किंवा मेंदूत अडकलेली गुठळी जिवावर बेतू शकते. गोळीची वेळ बदलायची का, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य मिळून ठरवतील.

रक्तदाबासाठी अम्लोडिपिन किंवा निफेडिपिनसारखी औषधे घेणाऱ्या काहींच्या हिरड्या फुगतात. अशा फुगलेल्या हिरडीखालील फट मोजताना फसगत होण्याची शक्यता असते, म्हणून गोळ्यांची नावे सांगणे आवश्यक आहे. अनेक नेहमीच्या औषधांनी तोंड कोरडेही पडते आणि लाळ कमी झाली की उघड्या मुळांना कीड लागण्याचा धोका वाढतो.

हाडांच्या ठिसूळपणासाठी दिली जाणारी बिसफॉस्फोनेट आणि डेनोसुमॅब ही औषधे विशेष महत्त्वाची. त्यांच्यामुळे क्वचित प्रसंगी जबड्याचे हाड उघडे पडून भरत नाही. ठिसूळपणासाठीच्या नेहमीच्या मात्रेत हा धोका अल्प असतो, पण कर्करोगासाठी शिरेतून मोठ्या मात्रा दिल्या जात असतील तर पुनर्निर्मितीसारखी ऐच्छिक शस्त्रक्रिया सहसा टाळतात. बिसफॉस्फोनेट हाडात वर्षानुवर्षे राहते, म्हणून ते पूर्वी घेऊन बंद केले असले तरी सांगावे. डेनोसुमॅबचे दर सहा महिन्यांचे इंजेक्शन मात्र दातांसाठी म्हणून परस्पर लांबवू नये, कारण त्यामुळे मणक्यांना अस्थिभंग होण्याचा धोका वाढतो.

रजोनिवृत्तीनंतर फरक पडतो का?

इस्ट्रोजेन कमी झाल्यावर हाडांची घनता घटते, तोंड कोरडे वाटू शकते आणि हिरड्या नाजूक होतात. मात्र यामुळे हा उपचार निषिद्ध ठरत नाही.

उतारवयात ही शस्त्रक्रिया झेपेल का?

ती दाताजवळच्या भागालाच भूल देऊन केली जाते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. वय पाहून दंतवैद्य वेगळा विचार करतो तो बसण्याच्या वेळेचा. पाठीचा किंवा मानेचा त्रास असल्यास, तसेच रुग्ण लवकर थकत असल्यास, एका बैठकीत दोन-तीन दात करण्याऐवजी एकच दात घेतात. आता भिंग किंवा सूक्ष्मदर्शक वापरून अगदी लहान छेदातून काम करण्याच्या पद्धती आल्या आहेत. त्यांत वेदना आणि सूज कमी असते आणि कडा मिटून राहण्याचे प्रमाणही चांगले असते. शक्य असेल तिथे ज्येष्ठ रुग्णाने अशाच पद्धतीचा आग्रह धरावा.

परिणाम कधी दिसतो?

टाके साधारण एक ते दोन आठवड्यांत काढतात. त्या जागी काही आठवडे ब्रश न लावता क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या कराव्या लागतात आणि त्या बाजूने कठीण पदार्थ चावता येत नाहीत. नव्याने तयार होणारी जोडणी दुखावू नये म्हणून पहिले सहा महिने फटीत मोजपट्टी घालत नाहीत. एक्स-रेवर हाड भरल्याचे सहा ते बारा महिन्यांत दिसू लागते. वयस्क रुग्णाच्या बाबतीत सहा महिन्यांच्या एक्स-रेवरून घाईने निष्कर्ष काढू नये, वर्षभर थांबावे.

अपेक्षा मात्र बेताची असावी. साध्या फ्लॅप शस्त्रक्रियेच्या (हिरडी उघडून, मूळ स्वच्छ करून नुसते टाके घालण्याच्या) तुलनेत दाताला सरासरी एक ते दीड मिलिमीटर जास्तीची पकड मिळते. ऐकायला हे थोडे वाटते, पण स्वच्छ न करता येणारी खोल फट स्वच्छ ठेवता येईल इतकी उथळ होण्यासाठी अनेकदा तेवढेच पुरते.

सत्तरीनंतर हा उपचार घेण्यापेक्षा दात काढून इम्प्लांट बसवणे सोपे नाही का?

हा हिशेब वाटतो तितका सरळ नाही. पायोरियाने दात गमावलेल्या व्यक्तीच्या इम्प्लांटभोवतीही तशाच प्रकारचा रोग होण्याचा धोका अधिक असतो आणि तिथे तो आवरणे दातापेक्षा अवघड जाते. शिवाय इम्प्लांटलाही हाड लागते, जखम भरावी लागते आणि रोजची सफाई करावी लागते. म्हणजे वयाच्या ज्या अडचणी पुनर्निर्मितीत येतात त्या तिथेही चुकत नाहीत. दात वाचवण्याजोगा असेल आणि खड्डा योग्य आकाराचा असेल तर वय पाहून तो काढून टाकणे मला समर्थनीय वाटत नाही.

दुसऱ्या बाजूने पाहता, रोग संथ असेल, दात हलत नसेल, रुग्णाला त्रास नसेल आणि प्रकृती नाजूक असेल तर दर तीन महिन्यांनी खोल सफाई करत राहणे हाही सन्मान्य पर्याय आहे. बत्तीस वर्षांच्या रुग्णाला हा पर्याय क्वचितच पुरतो. ब्याऐंशीतील रुग्णाला तो अनेकदा पुरून उरतो. रुग्णाला स्मृतिभ्रंश असेल किंवा हाताला कंप असेल तर रोजची सफाई कोण करणार याचे उत्तर आधी मिळायला हवे. जाड मुठीचा किंवा विजेवर चालणारा ब्रश आणि दातांच्या फटींसाठीचे छोटे ब्रश यांनी बराच फरक पडतो.

पहिल्या भेटीला काय घेऊन जावे?

सुरू असलेल्या सर्व औषधांची यादी न्यावी आणि तिच्यात वर्षातून एकदा किंवा सहा महिन्यांनी घेतलेली इंजेक्शने विसरू नयेत, कारण रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ती दिसत नाहीत. गेल्या तीन महिन्यांतील एचबीए१सीचा अहवाल असल्यास तो घ्यावा. दातांचे जुने एक्स-रे असतील तर तेही शोधून न्यावेत, विशेषतः पाच वर्षांपूर्वीचे. वयाने भागून काढलेला वेग हा शेवटी अंदाज असतो. पाच वर्षांच्या अंतराने काढलेल्या दोन एक्स-रेंत २ मिलिमीटर किंवा अधिक हाड गेलेले दिसले तर रोग वेगवान असल्याचा तो थेट पुरावा ठरतो, आणि काहीच गेलेले नसेल तर शस्त्रक्रियेची घाई करण्याचे कारण उरत नाही.